मंगळवारची तपासणी

दार उघडायला दलेंदाने आज जरा जास्तच वेळ लावला. बशीरने घड्याळात पाहिलं. सव्वादहा. आजारी रजेवरच्या माणसाने दहा ते बारा घरात असायलाच हवं, असा नियम होता. दलेंदा घरात होती. उजव्या मनगटाला पट्टीही होती, पण तिची गाठ घाईत मारल्यासारखी दिसत होती.

"या बशीरसाहेब. आज चालत?"

"गाडी नाही मिळाली," म्हणत बशीर नेहमीच्या खुर्चीत बसला.

दलेंदा ट्युनिशियातल्या मोनास्तिर शहराजवळच्या एका जीन्सच्या कारखान्यात शिलाईचं काम करायची. वीस वर्षं जाड कापड मशीनखाली ढकलून मनगटातली नस दबली आणि हिवाळ्यात ऑपरेशन करावं लागलं. तेव्हापासून दर मंगळवारी बशीर तिच्याकडे येत होता. रजेवरच्यांच्या घरी जाऊन खरंखोटं पाहायचं, हे काम कारखान्यासाठी त्याने सत्तावीस वर्षं केलं होतं. कंबरदुखीचा कागद देऊन ऑलिव्हच्या झाडावर चढलेल्या एकाला त्याने स्वतः खाली उतरवलं होतं. पण खऱ्या आजाऱ्याचा एक दिवसही त्याने कापू दिला नव्हता. सुक्याबरोबर ओलं जळता कामा नये, असं तो मालकालाही तोंडावर सांगायचा.

त्याने पिशवीतून तपासणीचा फॉर्म काढला. झेरॉक्स इतकी फिकट होती की खालच्या ओळी लागतच नव्हत्या.

"दुखतंय?"

"पहाटे ठणकतं."

"पकड?"

"कपडे पिळवत नाहीत."

"डॉक्टरचं सर्टिफिकेट?"

"पुढच्या आठवड्यात देतो म्हणालाय."

मागच्या मंगळवारीही तिने हेच सांगितलं होतं. बशीरने कानाडोळा केला.

दलेंदा चहा घेऊन आली. भरलेली किटली उजव्या हाताने उंच धरून तिने पेल्यात धार सोडली. एक थेंब बाहेर पडला नाही. बशीर त्या मनगटाकडे पाहत राहिला. तो पाहतोय हे तिच्या लक्षात आलं, तशी तिने किटली डाव्या हातात घेतली. तिने चहावर बदाम टाकले आणि पेला त्याच्यापुढे सरकवला.

न्यायाने पाहिलं तर सगळं सोपं होतं. 'कामावर जाण्यायोग्य' या चौकटीत खूण करायची आणि उठायचं. पण मग या घराचं दार वाजवायला काही कारणच उरणार नव्हतं. बायकोला जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा फ्रान्समध्ये ल्योंला, शुक्रवारी चार मिनिटं फोन करायचा, त्यातलं एक मिनिट हवापाण्याचं. बाकी आठवड्यात बशीरला 'बसा' म्हणणारं कुणी नव्हतं. एकटेपणा त्याला आतून कुरतडत होता. हातातल्या कागदावर आपण खोटं लिहिणार याची त्याला लाजही वाटत होती, आणि तरी त्याने पेन उघडलं.

"काय लिहिताय?" दलेंदाने विचारलं.

"मनगट अजून कच्चं आहे."

"माझी नोकरी नाही ना जायची?"

"आजारपणात कुणाला असं काढता येत नाही. कायदा आहे. तुम्ही उगाच घाई करू नका."

"मी कुठे घाई करतेय? घाई तुम्हाला झालीय. अर्धा पेला अजून घ्या."

बशीरने घेतला. मग मुलाच्या नव्या घराचं निघालं. बशीरची बायको कुसकुसमध्ये भोपळा जास्त घालायची, त्यावरून होणारी भांडणं निघाली. पावणेबारा झाले. नियमाप्रमाणे तपासणी बारापर्यंत चालते, असं म्हणून तो आणखी पाच मिनिटं बसला.

उठताना त्याने उगाच घसा खाकरला. "मग पुढच्या मंगळवारी?"

"तपासणी अचानक असते म्हणे. कुणी सांगून येतं का?" दलेंदा म्हणाली.

"तेही खरंच," तो हसला आणि जिना उतरला.

तो कोपऱ्यावर वळेपर्यंत दलेंदा खिडकीत उभी राहिली. मग तिने दाताने पट्टीची गाठ सोडली, निळा एप्रन पिशवीत कोंबला आणि ती जवळजवळ पळतच निघाली.

दुपारच्या पाळीला दोन मिनिटं उरली असताना ती जीन्सच्या कारखान्याच्या फाटकात पोचली. पहारेकरी लुत्फीने मान हलवली.

"दर मंगळवारी तुझी ही धावपळ. रजा संपवून रुजू झालीस त्याला तीन महिने झाले, अजून वेळेचं गणित जमत नाही?"

"पाहुणा होता घरी. बशीरसाहेब."

"ते? अगं, त्यांना निवृत्त होऊन पाच महिने झाले."

"ठाऊक आहे."

"मग दर मंगळवारी तुझ्याकडे कशाला येतात?"

दलेंदा हजेरीचं कार्ड यंत्रात सरकवत म्हणाली, "मी अजून आजारी आहे का, ते पाहायला."