दाखल्यावरचा शिक्का

"गुरुजी, दाखल्यावर शिक्का तेवढा राहिलाय." मुलीचे वडील तिसऱ्या दिवशी पुन्हा शाळेच्या दारात उभे होते. "उद्या शेवटची तारीख आहे."

"अहो, शिक्काच सापडत नाही," म्हणत गुरुजींनी टेबलाचा रिकामा खण पुन्हा उघडून दाखवला. खोटं बोलायची सवय नसल्यानं त्यांचे कान तापले होते.

शहरातल्या निवासी शाळेच्या परीक्षेसाठी या पोरीला त्यांनीच तयार केलं होतं. दोन वर्षं, शाळा सुटल्यावर, रोज तासभर. निकाल लागला तेव्हा घरोघरी जाऊन सांगत सुटले होते.

पोरगी आत आली, सरळ खडूंच्या डब्याकडे गेली आणि तळातून शिक्का काढून त्यांच्या हातात दिला. "कपाटाची किल्लीही तुम्ही इथेच लपवता ना, गुरुजी."

वडील हसले. गुरुजींनाही हसावं लागलं. त्यांनी शिक्का उमटवला.

"आता धाकटीलाही अशीच घडवा. पहिलीत आहे, अजून चार वर्षं तुमच्याच हाताखाली."

"घडवू की," गुरुजी म्हणाले.

बापलेक गेल्यावर त्यांनी शिक्षण कार्यालयाचं पत्र पुन्हा वाचलं. महिनाअखेरीला ज्या शाळेचा पट वीसच्या खाली असेल, ती शाळा बंद. मग हजेरीपत्रकात पोरीच्या नावावर रेघ मारून त्यांनी उरलेली नावं मोजली. पुन्हा मोजली. दोन्ही वेळा एकोणीसच भरली. शेवटचं नाव धाकटीचं होतं.