बारा नंबरचा उंदीर

औषध वाहणारे चमकते कण चुंबकाने ओढून उंदरांच्या गाठीत नेले, की दिव्याखाली गाठ लाल उजळायची. बारा नंबरच्या उंदरात आज काहीच उजळलं नाही. कर्करोग गेला होता.

“भिवाजी, उद्या याला कापून खात्री करू. मग माणसांवर चाचणी, पहिलं नाव तुमच्या शेवंताबाईंचं!” प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या.

पिंजरे सांभाळणारा भिवाजी चरकला. बायकोच्याच दुखण्यातून वाचलेला जीव कापायचा? केवढा अपशकुन! त्याने भलताच शहाणपणा केला: तो उंदीर लपवून घरी नेला, पिंजऱ्यात दुसरा आजारी ठेवला.

सकाळी उंदीर कापला, तर बोराएवढी गाठ निघाली. औषध फसलं म्हणून मॅडम वही मिटू लागल्या, तेव्हा भिवाजीने सगळं कबूल केलं.

“मग आता कुठल्याच पिंजऱ्याचा भरवसा नाही, भिवाजी. पुन्हा पहिल्यापासून. दोन वर्षं!”

शेवंताला डॉक्टरांनी सहाच महिने दिले होते. घरी ती हौसेने बारा नंबरला पोळी भरवत होती.