आमोनचा लेक

भुराआबांनी नाही म्हटलं की नाहीच. लेक उषाला रोहिदासशी लग्न करायचं होतं, पण त्याच्या बापाने दारूच्या नशेत चर्चचा मृदंग फोडला होता. "असल्या घरात पोर द्यायची नाही," आबा बजावत. आज धुळ्याच्या चर्चमध्ये आबांचं कीर्तन रंगलं. मंडळीने घातलेला झेंडूचा हार गळ्यात, मागे त्याच मृदंगाला नवं कातडं चढवून रोहिदास साथीला होता. आबा बायबलमधल्या राजांची नावं गाऊन विचारत, मंडळी उत्तर देई. "हिज्कीया राजा?" "चांगला!" "लेक मनश्शे?" "वाईट!" "नातू आमोन?" "वाईटच!" "आणि आमोनचा लेक योशीया?" "चांगला!" तेवढ्यात आबांची थोरली बहीण अहिराणीत ओरडली, "भुरा, मंग रोहिदासना बाप आमोनपेक्षा वाईट व्हता का रे?" सगळे हसले. मग वळून आबांनी आपला हार रोहिदासच्या गळ्यात घातला. "उषे, दुसरा हार आण!"