रत्ना नावाचं फोल्डर

रतिलालभाऊंनी काउंटरवर दोन हार्ड डिस्क ठेवल्या, एक छोटी, एक मोठी. हेमांगीने छोटीच पुढे ओढली. बिलं, शेताची कागदपत्रं आणि लग्नाचे फोटो, एवढंच तर होतं नवऱ्याच्या लॅपटॉपमध्ये.

लॅपटॉप आठवडाभर मध्येच बंद पडत होता. भूषण केळीच्या कटाईत अडकलेला, म्हणून फैजपूरहून जळगावला तिलाच यावं लागलं. आधी सगळं डिस्कवर घ्यायचं, मग लॅपटॉप फॉरमॅट करायचा. एकही फाइल सुटायला नको, असं त्याने निघताना पुन्हा पुन्हा बजावलं होतं. कॉम्प्युटर शिकलेल्या बाईला हे सांगायची खरं तर गरज नव्हती.

रतिलालभाऊंनी लॅपटॉप तपासला. बाकी सगळं छोटीत मावेल, पण एकच फोल्डर भलं मोठं आहे, आत व्हिडिओ असणार, असं ते म्हणाले. त्याला पासवर्ड होता.

"नाव काय त्याचं?"

"रत्ना."

शेजारचं गिऱ्हाईक तिच्याकडे बघायला लागलं. हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या माहितीत रत्ना नावाची कुणी नव्हती, ना नात्यात, ना गल्लीत.

तारखा दिवाळीच्या आधीच्या होत्या. म्हणजे तोच महिना. सासूबाईंच्या, इंदिराबाईंच्या, गळ्यात गाठ निघाली होती आणि ऑपरेशन ठरलं होतं. भूषण रोज संध्याकाळी लॅपटॉप घेऊन त्यांच्या खोलीत जायचा आणि आतून कडी लावायचा. म्हणे आईला सोबत! ऑपरेशनमध्ये इंदिराबाईंचा आवाज कायमचा गेला. आता सगळं खुणांवर चालायचं. आजारी आईच्या आडोशाला बसून हा माणूस दुसरीशी व्हिडिओवर बोलत होता. लग्नाचं वर्षसुद्धा उलटलं नव्हतं. लाज कशी नाही वाटली?

तिने दुकानाबाहेर येऊन फोन लावला.

"रत्ना कोण?"

भूषणने आवाज खाली आणला. "आईने शपथ घातलीय गं. आखाजीला कळेलच तुला."

म्हणजे सासूही सामील. मायलेकांनी मिळून तिला वेड्यात काढलं होतं.

"तेवढं फोल्डर मात्र नक्की घे," तो म्हणाला. "बाकी काही राहिलं तरी चालेल."

बाकी काही म्हणजे लग्नाचे फोटोसुद्धा. हेमांगीने फोन कापला, आत गेली आणि छोटी डिस्क द्या म्हणाली. ते फोल्डर सोडून सगळं घ्या. लॅपटॉप नुसता फॉरमॅट करू नका, पार पुसा, परत काही निघता कामा नये.

असं पुसलं तर कुणाच्या बापाला ते परत काढता येणार नाही, रतिलालभाऊंनी सांगून पाहिलं. एकदा घरी विचारून घ्या म्हणाले.

"घरी विचारूनच सांगतेय," हेमांगी म्हणाली.

काम होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. रत्ना गेली तेव्हा तिला इतकं बरं वाटलं, की समोरच्या गाडीवर उसाचा रस प्यायली.

परतीच्या बसमधून तिने पहूरला भावाला फोन केला. लग्नानंतरची पहिली आखाजी, अक्षय्य तृतीयेला लेकींनी माहेरी जाऊन झोके घ्यायचा सण; कुंदन मुराळी म्हणून तिला न्यायला येणारच होता. मोठी गाडी आण, असं तिने सांगितलं. सामान सगळं घ्यायचंय, मी परत यायची नाही.

कुंदनने विचारलं, "काय झालं ज्योत्स्ना?" माहेरी ती अजून ज्योत्स्नाच होती. ती म्हणाली, घरी आल्यावर सांगते.

रात्री भूषणने विचारलं, सगळं घेतलं ना. ती म्हणाली, गरजेचं सगळं घेतलं. तो निर्धास्त झोपला, याचाही तिला संताप आला.

सकाळी इंदिराबाई नवं लुगडं नेसून ओसरीवर बसल्या होत्या. हेमांगीला बघून त्यांनी हसत शेजारी बसायची खूण केली. तिने तोंड फिरवलं. या बाईचं हसणंही तिला आता खोटं वाटत होतं. तेवढ्यात दारात हॉर्न वाजला आणि तिने बॅग उचलली.

कुंदन नव्हता. शिरपूरकडून मोतीलालमामा आले होते, इंदिराबाईंचे धाकटे भाऊ. बहीण साठीची झाली तरी आखाजीला तिला माहेरी न्यायचं त्यांनी सोडलं नव्हतं. ते ओसरीवर चढले आणि इंदिराबाईंच्या पाया पडले.

"चाल रत्नाक्का," मामा म्हणाले, "गाडी उभी शे."

इंदिराबाई नव्या नवरीसारख्या लाजल्या. मामा भाच्याकडे वळले.

"भूषण, मायनी म्हनेल गाना लिधात ना रे? झोकावर बठ्ठ्या पोरी तिना आवाजनी वाट देखी राहिन्यात."

आवाज जाण्याआधी भरून ठेवलेल्या आईच्या गाण्यांची डिस्क घ्यायला भूषणने हसत हेमांगीपुढे हात केला.