वाटाण्याचा मुहूर्त

क्लेमने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, पँट गुडघ्याखाली सरकवली आणि उघड्या ढुंगणाने तो वाफ्यात बसला. त्याचा बाप असाच बसायचा, आजाही. माती ऊबदार लागली, बसवलं तर वाटाणा पेरायचा. गारठ्याने टुणकन उठावंसं वाटलं तर अजून थांबायचं. पाकिटावरची तारीख बघून पेरणाऱ्यांची त्याला कीव यायची. दव गोठायचं ते काय पाकीट वाचून?

माती झकास होती. क्लेम शीळ घालू लागला. म्हणजे यंदाही गावच्या प्रदर्शनात पहिली टोपली आपली, कप आपल्याच फडताळात! आणि कुणी मुहूर्त विचारायला आलंच, तर त्याला नेहमीप्रमाणे वाटाण्याच्या अक्षता.

मग तो उठायला गेला आणि कंबरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पुन्हा जोर केला. छे! जागचा हलेना.

"काय क्लेम, बसलायस का?" कुंपणापलीकडून आवाज आला.

शेजारच्या वाफ्याची एनिड. दरवर्षी हिचा नंबर दुसरा. क्लेमने झटकन डोक्यावरची टोपी काढली आणि हवी तिथे ठेवली.

"अगं, तिकडे तोंड कर! लाज आहे की नाही?"

"मला? उघडा तू बसलायस. आता चर्चची घंटा होईल. अख्खं गाव याच वाटेने जाणार, पुढे पाद्रीबाबा." एनिड कुंपणावर कोपर टेकून म्हणाली, "हात देते. आधी सांग, माती कशी आहे?"

क्लेमला घाम फुटला. एकीकडे अब्रू, एकीकडे कप. बरं, अब्रू तूर्त टोपीखाली होती. कप मात्र एकदा गेला की गेला.

"बर्फ आहे गं, बर्फ!" त्याने दातही वाजवून दाखवले. "दव अजून गोठतंय. पंधरा दिवस तरी बी घालू नकोस. कुजून जाईल सगळं."

"अरेरे," एनिड म्हणाली आणि निघून गेली.

काठी आणायला गेली असेल, क्लेमला वाटलं. बिचारी! खोटं बोलल्याचं त्याला जरा वाईटही वाटलं.

एनिड परत आली ती कुदळ आणि बियांचा डबा घेऊन. आपल्या वाफ्यात उतरली आणि सरी ओढू लागली.

"एनिड! थंड आहे म्हटलं ना तुला!"

"हो, ऐकलं की. आणि मघाशी तुझी शीळही ऐकली."

घंटा वाजायला लागली. वळणावर माणसांचे आवाज आले.

"अगं बाई, तुझ्या पाया पडतो, उठव मला!"

"एवढी एक ओळ होऊ दे," बी टाकता टाकता एनिड म्हणाली. "तोवर बस. बसवतंय ना?"