एक पाट, तीन शेतं

एकोणीसशे नव्व्याण्णव साली विजयसिंहाने बारामतीच्या घरात राउटर बसवला. फोनची लाइन एक, कॉम्प्युटर तीन.

"म्हंजी एक पाट, तीन शेतं," म्हणत त्याचे वडील आबा खुर्ची ओढून राउटरशेजारी बसले. त्यांनी तीस वर्षं कालव्यावर पाटकरी म्हणून पाणी वाटलं होतं.

आठव्या दिवशी विजयसिंहाचं इंटरनेट बंद. उपटलेली वायर आबांच्या मुठीत.

"आबा, लाइन माझ्या नावावर हाय!"

"कालवा सरकारच्या नावावर हुता. शेवटचं शेत भिजल्याबिगर पयल्याचं दार उघडत न्हाय."

शेवटचा कॉम्प्युटर स्वयंपाकघराशेजारी होता. आठवडाभर तिथवर थेंबही पोचला नव्हता. आज तिथं सून सुप्रिया दुबईतल्या भावाला पहिलं ईमेल एका बोटानं लिहीत होती.

आबांनी हाक दिली, "सावकाश लिव्ह, पोरी. बांधापातूर भरू दे."