घरातला सगळ्यात भीतीचा क्षण

"बघू तरी, आमच्या वाघिणी कुठे घाबरल्या!" माधव पोतनीस सोफ्यावर टेकत म्हणाले.

परग्रहावरच्या प्राण्याच्या मालिकेचा भाग नुकताच संपला होता. पोतनीस कामावरून आले तेव्हा तो अर्धा होऊन गेला होता. हल्लीचे टीव्ही समोर बसलेल्यांच्या छातीचे ठोके मोजायचे आणि शेवटी घरातला सगळ्यात भीतीचा क्षण पुन्हा दाखवायचे. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यावरूनच चिडवाचिडवी चालायची.

"राहू द्या ना," त्यांची बायको सुलभा म्हणाली. "पानं वाढलीयेत."

"नको ना बाबा," लेक ऋजुताही म्हणाली.

पोतनीसांनी बटण दाबलंच. पडद्यावर आलेख उमटला. विहिरीतून तो प्राणी वर येतो तिथे रेघ जेमतेम हलली होती. त्यानंतर मात्र ती एकदम वर चढली होती, मायलेकींची एकाच वेळी. तेव्हा तर हिंगाची जाहिरात चालू होती.

"हिंगाला घाबरलात?" पोतनीस खो खो हसले.

मग टीव्हीने त्या क्षणाचा घरातला आवाज ऐकवला. दाराबाहेर बूट काढल्याचा, कुलपात किल्ली फिरल्याचा, आणि पोतनीसांच्या खाकरण्याचा.

सुलभा खाली मान घालून उभी राहिली. ऋजुता घाईघाईने म्हणाली, "टीव्ही बिघडलाय, बाबा. खरंच बिघडलाय." बोलता बोलता ती आईच्या मागे सरकली.

पोतनीसांना काहीतरी बोलायचं होतं. घसा दाटून आला होता, पण खाकरायचा त्यांना धीर होईना.